काळ्या पिसांचा हिशेब



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, किमान वेतन आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणार, हे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज कोंबडीच्या पिसांवर बोलणार आहोत. चिटणिसांना विषय कळवला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "असाच छापू ना?" छापा म्हटले. शाळा आमची नववीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा काही चुकले तर आपल्या गावच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील जाणत्यांनी आमचा कान धरावा. त्या महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे, म्हणून तो हळू धरला जाईल अशी आशा आहे.

या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. 2019 साल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातून चाललेली कडकनाथ कोंबड्यांची एक योजना त्या वर्षी कोसळली आणि सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पक्षी आम्ही देऊ, तुम्ही पाळा, अंडी-पिल्ले आम्हीच चढ्या दराने घेऊ, असा तो मामला होता. तशाच दुसऱ्या एका लहानशा योजनेत आमच्या एका सहकाऱ्याने नोकरी सुटल्यावर मिळालेल्या हिशेबाच्या रकमेतला मोठा वाटा घातला. घालण्यापूर्वी तो करारपत्र घेऊन आमच्याकडे आला होता. तीस वर्षे आम्ही मालकांबरोबरचे करार ओळ न् ओळ वाचत आलो. त्या दिवशी मात्र घाईत होतो. वरवर पाहिले आणि म्हणालो, "कर, काही वाईट दिसत नाही." खरेदीची हमी देणारा पुढे नाहीसा झाला. खुराड्यात चाळीस काळे पक्षी उरले.

त्या चाळिसांनी आम्हाला आनुवंशशास्त्र शिकवले.

झाले असे की, गडी खचला नाही. गावरान कोंबडीखाली त्याने कडकनाथची अंडी बसवली, कारण कडकनाथ कोंबडी रवणावर बसायला फारशी राजी नसते. पिल्ले निघाली, त्यांना पिसे फुटली, आणि पाहतो तो काय, काळ्याकुळकुळीत आईबापांच्या पोटी काही पिल्ले मानेवर रेघांची! गिऱ्हाईक म्हणे, ही भेसळ आहे. आमचा सहकारी म्हणे, आपल्याला पक्षीच खोटे दिले. शेजाऱ्याच्या कोंबड्यावरही संशय गेला आणि दोन घरांत महिनाभर बोलणे बंद पडले.

यात कोणाचीही लबाडी असण्याचे कारण नव्हते. मुळात कडकनाथ ज्या झाबुआ भागातला, तिथेच त्याचे तीन प्रकार नांदतात: पूर्ण काळा, रेघांचा आणि सोनेरी. प्रत्येक पक्ष्याला पिसांच्या रंगाचा एक हप्ता आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. सबंध काळ्या पिसांचे जनुक जोरकस असते. ते एकेरी आले तरी रेघांच्या जनुकाला झाकून टाकते. म्हणजे दोन काळे पक्षी बाहेरून सारखे दिसले, तरी एकाच्या पोटात रेघ दडलेली असू शकते. असे दोन दडलेले एकत्र आले की सरासरीने चारांत एक पिल्लू रेघांचे निघते. मेंडेलने हा हिशेब वाटाण्यावर मांडला आणि 1866 साली छापला. तो प्राण्यांनाही लागू आहे हे बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1902 साली दाखवले, तेही कोंबड्यांवरच. हा हिशेब शेजाऱ्याला समजावून सांगितला तेव्हा त्याने चहा पाजला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. कडकनाथचे मोल सांगतात ते काळ्या मांसाचे. झाबुआला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही त्या मांसासाठीच. परंतु मांस, कातडी आणि हाडे काळी करणारे जनुक वेगळे, पिसे काळी करणारे वेगळे. चीनकडची सिल्की नावाची कोंबडी पाहा: पिसे कापसासारखी पांढरी, आत कातडी काळी. तेव्हा रेघांचा कडकनाथ आतून तितकाच काळा असू शकतो, आणि उलट, काळ्या पिसांची कोणतीही कोंबडी कडकनाथ ठरत नाही. अंड्यांचे म्हणाल तर ती बाब एकदोन जनुकांची नाहीच, पुष्कळ जनुके आणि दाणापाणी मिळून ठरते. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी घालते, पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. जे डोळ्याला चटकन दिसते आणि पैदाशीत सर्वांत सोपे, त्यावर बाजार भाव लावतो. पोट ज्यावर चालते ते दिसत नाही.

तरीही गिऱ्हाईक काळेच मागते. मग काळे वाण शुद्ध कसे करायचे? रेघांची पिल्ले विकून टाकली म्हणजे झाले, असे आम्हालाही वाटले होते. तसे होत नाही, कारण दडलेले काळेच असतात. ते ओळखण्यासाठी संशयित काळ्या कोंबड्याला रेघांच्या माद्यांवर सोडावे. त्याच्यात रेघ दडलेली असेल तर निम्मी पिल्ले रेघांची निघतील. दहा पिल्लांत एकही रेघांचे निघाले नाही, तर तो आपल्याला फसवतो आहे याची शक्यता 1024 मध्ये एक. हीच परीक्षा दडलेल्या काळ्या मादीवर घेतली तर फसण्याची शक्यता अठरात एक राहते. म्हणजे ज्या रेघांच्या माद्या आपण कमी प्रतीच्या म्हणून विकायला निघालो होतो, त्याच परीक्षक म्हणून उपयोगी. आणि एक खबरदारी: मादीच्या शरीरात नराचे बीज दोनतीन आठवडे टिकते. नर बदलण्यापूर्वी माद्या तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर पहिल्याचे पाप दुसऱ्याच्या माथी बसते.

पिसांच्या रंगाचा याहून मोठा उद्योग जगाने केला आहे. कोंबडीजातीत मादीकडे लिंग ठरवणारे मोठे गुणसूत्र एकच असते आणि ते ती फक्त मुलाला देते. मुलीला तसले गुणसूत्र मिळते ते बापाचे. आडव्या पट्ट्यांचे जनुक नेमके त्यावर बसलेले. म्हणून पट्टेरी प्लिमथ रॉक मादी आणि लाल ऱ्होड आयलंड नर यांची जोडी लावली की नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादी पिल्लू बिनठिपक्याचे काळे. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई पडली तेव्हा नर पिल्ले लवकर ओळखून खाद्य वाचवावे, ही कल्पना केंब्रिजच्या पनेट यांनी मांडली. पुढे 1920 च्या दशकात जपान्यांनी पिल्लाची शेपटीखालची जागा बोटाने तपासून नर-मादी सांगण्याची विद्या काढली. तासाला हजाराच्या आसपास पिल्ले निवडणारे हे कसबी कामगार होते. रंगावरून ओळख पटणाऱ्या जोड्या आल्या आणि तेवढ्यापुरती त्या कसबाची गरज उरली नाही. आम्ही हे वाचले तेव्हा कोंबडी बाजूला राहिली आणि ती बोटे डोळ्यांपुढे आली.

या ठिपक्याची गोम अशी की तो एकाच पिढीपुरता. ती पिल्ले मोठी करून आपसात जोडली तर पुढच्या पिढीत ठिपका नरालाही येतो आणि मादीलाही, ओळख पुसली जाते. संकरित बियाण्यासारखेच, मूळ जोडी ज्याच्या हाती त्याच्या दारात दर वर्षी जायचे. पनेट यांनीच पीज या सहकाऱ्याबरोबर 1930 च्या सुमारास कँबार नावाची एक जात काढली, तिच्यात नर-मादी पिल्लांचा रंग पिढ्यान् पिढ्या वेगळाच निघे आणि पाळणारा स्वतःच्या अंड्यांवर ती राखू शकत होता. मोठ्या धंद्याने ती उचलली नाही. आणि ओळखलेल्या नर पिल्लांचे काय होते, ते आपण जाणताच. जर्मनीने 2022 पासून ती मारायला कायद्याने बंदी केली आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही.

असो. आमच्या सहकाऱ्याकडे तीन काळे नर होते. पहिल्याची परीक्षा दुसऱ्याच पिल्लाला संपली. दुसऱ्याने सहा काळी पिल्ले देऊन आशा लावली आणि सातवे रेघांचे दिले. तिसऱ्याची अकरा निघाली, अकराही काळी. पण तो नर काळ्या माद्यांत सोडला म्हणजे पिल्ले काळी दिसतील एवढेच. दडलेल्या माद्यांची निम्मी पिल्ले आपल्या पोटातही रेघ घेऊनच जातील. वाण शुद्ध व्हायचे तर माद्यांचीही एकेक करून परीक्षा हवी. ती या हंगामात चालू आहे. मादीमागे वेगळे खुराडे, वेगळे डालगे आणि एक वही. वही आम्ही लिहितो, कारण करार वाचायचा राहून गेला होता. रेघांचे पक्षी तो आता कमी भावाने विकत नाही. मांस आतून काळेच आहे हे एक पक्षी कापून दाखवतो आणि काळ्याचाच भाव मागतो. मागच्या आठवड्यात दोघांनी दिला, तिसरा निघून गेला.