ताई, तिला लिलावाला पाठवू नका



मागच्या भागानंतर टेक्सासहून एका ताईंचा निरोप आला. त्यांनी गावाबाहेर पाच एकर जागा घेतली आणि जागेबरोबर जुन्या मालकाचं एक खेचरही त्यांच्याकडे आलं. नऊ वर्षांची मादी. हाक मारली की कुंपणाशी येते, मान खाजवून घेते. पण मागच्या पायाकडे हात गेला की लाथ. नालबंद दोनदा येऊन हात टेकून गेला. घरचे म्हणतात, लिलावाला पाठवू.

ताई, थोडं थांबा. पाय न देणाऱ्या खेचराला लिलावात चांगला धनी मिळणं कठीण. स्वस्तात गेलेली बरीच जनावरं इथून ट्रकमध्ये भरून मेक्सिकोच्या कत्तलखान्यांकडे जातात. टेक्सासमध्ये तर हद्द जवळच. तेव्हा नीट ऐका.

खेचराची आई घोडी, बाप गाढव. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. म्हणून त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. आपल्याला महत्त्वाचा आहे तो स्वभाव. घोडा भ्यायला की पळतो. गाढव थांबतं, बघतं, मग ठरवतं. खेचरात हे थांबणं बापाकडून येतं. आपण त्याला सरळ अडेलतट्टू म्हणून मोकळे होतो. (बिचारं तट्टू घोड्याच्या जातीचं, तरी नाव त्याचंच!) पण केदारनाथला खेचरावरून गेला असाल तर आठवा, दरीच्या काठाने ते पाऊल कसं जपून टाकतं. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी असलेल्या सुपाई गावाचं टपाल याच गुणावर विसंबून खेचरांच्या पाठीवरून जातं. आंधळेपणाने हुकूम पाळणारं जनावर त्या वाटेवर कुणालाच नको असतं.

आता तुमच्या खेचराच्या बाजूने हिशेब बघा. अनोळखी माणूस आला, त्याने पाय ओढला, तिने लाथ मारली, माणूस निघून गेला. असं दोनदा झालं. तिच्या दृष्टीने हा धडा पक्का: लाथ मारली की त्रास संपतो. हे तिला माणसांनीच शिकवलं, त्यामुळे दुसरं काही शिकवणंही माणसांच्याच हातात आहे.

पण शिकवण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. खुरात पू झाला असेल, सांधा दुखत असेल, तर लाथ म्हणजे तिची तक्रार आहे, आणि तक्रारीवर शिकवणी चालत नाही. खूर फार वाढले असतील तर या खेपेला डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन ते तासून घ्यावेत. ही हार नव्हे. दुखऱ्या पायांवर उभी राहून ती काय शिकणार?

मग एक लांब काठी घ्या आणि टोकाला जुना हातमोजा गच्च बांधा. तिला खांबाला आवळून बांधू नका. म्होरकीचं दावं एका जाणत्या माणसाच्या हातात द्या आणि तो माणूस तुमच्याच बाजूला उभा राहू द्या. म्हणजे गडबड झाली तर तो तोंड आपल्याकडे ओढेल आणि मागचा भाग तुमच्यापासून दूर फिरेल. तुम्ही खांद्याशी उभ्या राहा. खेचराची लाथ फक्त मागे जात नाही, बाजूला आणि पुढेही येते.

मोजा आधी खांद्यावर, मग पाठीवर, मग पुठ्ठ्यावर. जिथे अंग ताठ होईल, शेपूट दाबली जाईल, कान मागे चिकटतील, तिथेच थांबा. पुढे जाऊ नका आणि मोजा उचलूही नका. ती श्वास सोडेल, कान सैल पडेल, कदाचित ओठ चाटेल. त्या क्षणी मोजा काढा. सगळी शिकवणी या काढण्यात आहे. ती ताठ असताना काढला तर ताठपणा शिकवला, सैल झाल्यावर काढला तर सैलपणा. मी ॲरिझोनात खेचरांच्या तबेल्यात काम केलं. तिथे दांडगी माणसं यात नापास होताना पाहिली आणि हळू हाताची माणसं पास होताना.

दहा मिनिटं पुरेत, हवं तर दिवसातून दोनदा. गुडघ्याच्या खाली मोजा गेला तरी ती निवांत राहते, असं काही दिवस सलग झालं की हात लावा. पाय इंचभर उचला आणि तिने हिसकायच्या आत तुम्हीच खाली ठेवा. मारू मात्र नका. मार खेचर विसरत नाही.

आणखी एक. ती एकटी आहे का? खेचरांना घोडीची ओढ फार. जुन्या काळी इथले तांडेवाले घोडीच्या गळ्यात घंटा बांधत आणि खेचरं त्या आवाजामागे चालत. शेजारी कुणाची शांत घोडी असेल तर शिकवणीच्या वेळी कुंपणापलीकडे उभी करा.

खूर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात. तेवढ्या दिवसांत नालबंदाला एकदा नुसतं पाय उचलून ठेवायला बोलवा, आणि त्या फेरीचेही पैसे द्या. घरच्यांकडून तोवरची मुदत मागून घ्या, ताई. तिचं नाव तुम्ही कळवलंच नाही. पुढच्या निरोपात तेही सांगा.