आवाजाची वांटणी



आमच्या वाळूज परिसरांत ध्वनिक्षेपकाला विसांवा फारसा मिळत नाहीं. लग्नसराई, सप्ताह, गणेशोत्सव असें कांहीं ना कांहीं चालूच असतें; आणि आषाढी एकादशीला जवळच्या छोट्या पंढरपुरांत दर्शनासाठीं जी गर्दी लोटते, ती तर सर्वांनाच ठाऊक आहे. १९८५ सालीं बजाजचा कारखाना येथें सुरू झाला. पुढें कारखाने वाढले, तशी कामगारांची वस्तीहि वाढली. रात्रपाळी करून आलेला माणूस येथें दिवसां झोंपतो. अशा गांवीं ध्वनिक्षेपक कसा वापरावा, हा प्रश्न केवळ हौशीचा राहत नाहीं.

मी निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. विद्युच्छास्त्राचा मी पंडित नव्हे. तरीहि या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण त्यांत मीं एक मोठी चूक केली आहे.

दोन वर्षांपूर्वीं मंडळींनीं वर्गणी जमवून आमच्या अखंड हरिनाम सप्ताहासाठीं दोन मोठे ध्वनिक्षेपक घेतले. प्रत्येकांत खालीं पंधरा इंची शंकु आणि वर कर्णा. त्यांच्याबरोबर डिजिटल क्रॉसओव्हर नांवाची एक चपटी पेटी आली. देखरेख माझ्याकडे होती. मीं घाईघाईनें तारा जोडल्या, आणि शंकूकडे जाणारा आवाज कर्ण्यांकडे गेला. मृदंगावर पहिली थाप पडतांच दोन्ही कर्णे खरखरले आणि मुके झाले. तारा बदलून उरलेल्या शंकूंवर कीर्तन कसेंबसें पार पडलें. दुसऱ्या दिवशीं शेजारच्या आजी मला म्हणाल्या, “गुरुजी, मृदंग ऐकला, महाराज कांहीं ऐकूं आले नाहींत.”

वर्गणीचे पैसे वायां गेले, याहून तें वाक्य मला अधिक लागलें. तेव्हां हें यंत्र नीट समजून घ्यावयाचें, असें मीं ठरविलें. माझा एक जुना विद्यार्थी कारखान्यांत पाळी करून सुटीच्या दिवशीं ध्वनिक्षेपकांचें काम करतो. त्याच्यापाशीं मीं शिष्य म्हणून बसलों.

आजींना शब्द कां ऐकूं आले नाहींत? मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. बोलण्याचा भरदारपणा स्वरांत असतो आणि तो खालच्या कंपनांत राहतो. परंतु स, श, च, ट या व्यंजनांचा वेगळेपणा बराचसा २,००० च्या वर असतो. तो भाग नाहींसा झाला कीं ‘सात’ म्हटलेलें ‘आत’ असें ऐकूं येतें. जड शंकु पुष्कळ हवा ढकलतो, पण तो सेकंदाला हजारों वेळां चपळाईनें हलूं शकत नाहीं. कर्ण्याचा नाजूक पडदा तें सहज करतो, पण मृदंगाची थाप त्याला सोसत नाहीं. वर्गांतल्या दांडग्या मुलाला पाण्याची घागर द्यावी आणि सुबक अक्षराच्या मुलाला फळा लिहावयास सांगावा, तशी ही वांटणी आहे. ती करणें हेंच क्रॉसओव्हरचें काम.

जुन्या रीतींत ही वांटणी अँप्लिफायरच्या पुढें, ध्वनिक्षेपकाच्या पेटींतच, तारेचें वेटोळें आणि कंडेन्सर यांनीं होत असे. आजहि पुष्कळ ठिकाणीं होते. डिजिटल पेटी अँप्लिफायरच्या आधीं बसते. ती आवाजाचें माप सेकंदास बहुधा ४८,००० वेळां घेते, त्याचे आंकडे करते, गणितानें त्यांची वांटणी करते आणि मग प्रत्येक वांटा स्वतंत्र अँप्लिफायरकडे पाठविते.

आतां जोडणीचा क्रम सांगतों. प्रथम वीज बंद ठेवून प्रत्येक तार बोटानें टोंकापर्यंत तपासावी आणि तिला नांवाची चिठ्ठी बांधावी. कर्ण्याच्या तारेंत रक्षणासाठीं योग्य मापाचा एक कंडेन्सर घालावा. सुरू करतांना आधीं मिक्सर, मग क्रॉसओव्हर आणि सर्वांत शेवटीं अँप्लिफायर. बंद करतांना अँप्लिफायर सर्वांत आधीं.

मग विभागणीची कंपनसंख्या ठरवावी. ती आवडीनें नव्हे, तर कर्ण्याच्या माहितीपत्रकावरून. आमच्या कर्ण्यासाठीं पत्रकांत १,६०० ही खालची मर्यादा होती. आम्हीं १,८०० ठेवली. उतार २४ डेसिबलचा, म्हणजे सीमेपलीकडे कंपनसंख्या एका सप्तकानें सरली कीं शक्ति सुमारें अडीचशेंपट घटते. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखापासून ही रीति रूढ झाली. त्यांचे सहकारी रायली यांचेंहि नांव तिला जोडलेलें आहे.

नंतर विलंब. कर्ण्याचा पडदा शंकूच्या मागें असतो, म्हणून त्याचा आवाज किंचित् उशिरां पोंचतो. आमच्याकडील उन्हाळ्यांत, ३५ अंशांवर, ध्वनि सेकंदाला सुमारें ३५२ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत ३५ सेंटिमीटर. आमचें अंतर १८ सेंटिमीटर भरलें, म्हणून शंकूला अर्धा हजारांश विलंब दिला. याची परीक्षा सोपी आहे. कर्ण्याचीं धन-ऋण टोंकें पेटींतच उलटीं करावीं, १,८०० कंपनांचा सूर हळू वाजवावा आणि तो सर्वांत क्षीण होईपर्यंत विलंब थोडा मागें-पुढें करावा. मग टोंकें पूर्ववत् करावीं. जेथें दोघे एकमेकांना पुरते खोडतात, तेथेंच सुलट केल्यावर ते पुरते जुळतात.

कर्णा थोड्या शक्तींत मोठा बोलतो, म्हणून त्याची पातळी उतरवावी. शेवटीं लिमिटर लावून प्रत्येक वांट्याला वरची मर्यादा घालावी आणि पेटीला कुलूपसंकेत द्यावा, म्हणजे उत्साही हात तेथवर पोंचणार नाहींत.

एवढें झाल्यावर मीं माझी जुनी परीक्षा घेतली. मागच्या रांगेंत चार मुलें वह्या देऊन बसविलीं आणि ध्वनिक्षेपकावरून श्रुतलेखन घातलें: साल, चाल, शाल, टाळ, ताल. चुका मोजल्या, आंकडे बदलले, पुन्हां घातलें. चुका कमी होत गेल्या, तसा आवाजहि आम्हीं उतरवीत गेलों. शब्द स्पष्ट झाला म्हणजे मोठ्या आवाजाची गरज किती कमी होते, हें मला तेथें समजलें.

परंतु एक गोष्ट लपवूं नये. हें यंत्र आपण होऊन आवाज कमी करीत नाहीं. ज्याला गर्जनाच करावयाची आहे, त्याला तें अधिक मोठी गर्जना करूं देईल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागांत दिवसां ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक, विशेष सवलतीचे दिवस सोडल्यास, बंद ठेवावयाचा असतो. आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असूं शकतें. तथापि रात्रपाळीहून येऊन दिवसां झोंपणाऱ्याला हा कायदा फारसा राखीत नाहीं. तेथें शेजारधर्मच राखतो. आम्हीं दुपारचें भजन आतां ध्वनिक्षेपकाशिवाय करतों, आणि टाळांना त्यामुळें कांहीं उणें पडलेलें नाहीं.

यंदाच्या सप्ताहांत आजी नेहमीप्रमाणें मागेंच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं महाराजांची कथा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मधें एके ठिकाणीं मलाच आठवेना, तर तेंहि त्यांनीं सांगितलें.

आपल्या गांवीं पुढचा सप्ताह असेल, तेव्हां एवढें करा: अँप्लिफायर सुरू करण्यापूर्वीं प्रत्येक तारेवरची चिठ्ठी एकदां मोठ्यानें वाचा. मीं ती वाचली असती, तर आजींची एक रात्र वायां गेली नसती.