घाटात तापलेली गाडी

मी घोटीहून बोलतेय. आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही नाही. आज गाडीबद्दल बोलू. “ते पुरुषांचं काम” म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी गटाच्या पैशाची, तर तिचं दुखणंही गटाचंच.

आमच्या गटाची जुनी डिझेल जीप आहे. गेल्या उन्हाळ्यात कल्याणला तांदूळ देऊन परत येताना कसारा घाटात तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. आमची एक काकू हाताला पदर गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाली. ड्रायव्हर ओरडला म्हणून तिचा हात आणि तोंड वाचलं. आतलं पाणी कुकरसारखं दाबाखाली असतं. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण आपण उघडतो का? गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण निवू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

गॅरेजमध्ये समजलं, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला होता. ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली छोटी झडप. आतलं मेण तापून फुगलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ती उघडलीच नाही, तर इंजिन तापतं.

मिस्त्री म्हणाला, “काढूनच टाका, कटकट नको.” खर्च वाचतोय म्हणून आम्हीही हो म्हणणार होतो. पण झडप नसेल तर इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. इंजिनचं हेड गेलं, तर गटाची बचतच जाते. आम्ही नवाच घेतला.

बसवण्याआधी तो जुन्या पातेल्यातल्या पाण्यात दोरीला टांगून गरम केला. त्यावर 82 आकडा होता. साधारण तेवढ्या तापमानाला तो उघडायला लागला. मग थंड इंजिनवर काम झालं: कूलंट काढलं, जुनं पॅकिंग खरवडलं, स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवून नवं पॅकिंग लावलं. कूलंट भरून गाडी चालू ठेवली आणि अडकलेली हवा काढली.

आता आमचा नियम असा. घाटाला निघण्याआधी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी, पाइप आणि पंख्याचा पट्टा बघायचा. बोअरचं पाणी घालायचं नाही, आत क्षार बसतात. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. सांडलेलं लगेच पुसायचं, डबा लेकरा-जनावरांपासून लांब ठेवायचा.

कूलंट बदलल्याची तारीख आम्ही गटाच्या वहीत लिहितो, हप्त्यांच्या शेजारीच. तुमच्या गटाची गाडी असेल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: कूलंट शेवटचं कधी बदललं?