रिकाम्या देशातली गर्दी : नामिबियाचे वाळवंटी सिंह



आपल्यापैकी बहुतेकांनी नामिबिया हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते १७ सप्टेंबर २०२२ ला. त्या दिवशी तिथले आठ चित्ते विमानाने भारतात आले आणि कुनोच्या जंगलात पोहोचले. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. पण ज्या देशातून ते आले तो देश कसा आहे, तिथे माणसं आणि जनावरं एकत्र कशी राहतात, याबद्दल कोणीच फारसं बोललं नाही. म्हणून आज चित्त्यांना बाजूला ठेवूया आणि तिथल्या सिंहांबद्दल बोलूया. वाळवंटात राहणाऱ्या सिंहांबद्दल.

आधी थोडा आकड्यांचा हिशेब. नामिबियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीच पटींपेक्षा जास्त आहे. आणि लोकसंख्या? साधारण ३० लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख लोक होते! म्हणजे आख्खं पुणे उचलून अडीच महाराष्ट्रांवर पसरून टाकलं, तर जे होईल तो नामिबिया.

हे ऐकल्यावर कोणालाही वाटेल, अरे, मग प्रॉब्लेम काय आहे? एवढी जागा आहे, सिंहांनी तिकडे राहावं, माणसांनी इकडे. मलाही नकाशा बघताना असंच वाटायचं.

पण नकाशावर जागा दिसते, पाणी दिसत नाही. नामिबियाच्या वायव्येला कुनेने नावाचा प्रांत आहे. तिथे होआनिब, होआरुसिब अशा नद्या आहेत. नद्या म्हणजे वर्षातले बरेचसे दिवस नुसतं कोरडं वाळूचं पात्र. वर आत कुठेतरी जोराचा पाऊस झाला की काही दिवस पूर येतो, मग परत वाळू. पण त्या वाळूखाली पाणी मुरलेलं असतं, म्हणून काठाला झाडं टिकतात. हत्ती तिथेच येतात, ओरिक्स आणि झेब्रे तिथेच. त्यांच्या मागे सिंह. आणि हिंबा, हेरेरो, दामारा लोक आपल्या शेळ्या-गाई घेऊन जातात, तेही तिथेच. दुसरीकडे जाणार कुठे? देश रिकामा आहे, पण पाणवठ्यावर गर्दी आहे. सगळं भांडण तिथे आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी या भागात जेमतेम वीसेक सिंह उरले होते. मग चांगल्या पावसाची वर्षं आली, चरणारी जनावरं वाढली, आणि २०१५ च्या आसपास सिंहांची संख्या शंभरावर गेली. त्याच सुमाराला पाच तरुण नर सिंहांवर एक माहितीपट आला आणि ते पाच भाऊ जगभर प्रसिद्ध झाले. 'पाच मस्केटिअर्स' म्हणायचे त्यांना. २०१६ मध्ये त्यातला एक गोळी लागून मेला. काही आठवड्यांनी आणखी तिघांना विष घालून मारलं गेलं.

सोशल मीडियावर अर्थातच आग लागली. राक्षस, क्रूर, सगळ्यांना तुरुंगात टाका वगैरे. मी ते वाचताना एक गोष्ट शोधत होतो : त्या सिंहांनी त्याआधी किती गुरं खाल्ली होती, हे कोणी विचारतंय का? फार थोडे विचारत होते. तिकडे शेळी म्हणजे बँकेतली एफडी असते. पोरांची फी, दवाखाना, लग्न, सगळं त्यातूनच. त्यात दुष्काळाची लागोपाठ वर्षं. जंगली शिकार कमी झाली की सिंह कुंपणाकडे वळतो, आणि नेमकी त्याच वेळी माणसाकडे गमवायला सगळ्यात कमी शिल्लक असतं. जुन्नर-शिरूरकडून ऐकणाऱ्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही. उसातल्या बिबट्याबद्दल पुण्यातला माणूस वेगळं बोलतो आणि तिथला शेतकरी वेगळं.

नामिबियाने हा प्रश्न फार आधी ओळखला होता, याचं मला खरंच कौतुक वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या माणसाने गावांच्या प्रमुखांशी बोलून तिथल्याच लोकांना राखणदार नेमायला सुरुवात केली. शिकारी अडवायला बाहेरून फौज आणायची नाही, गावातला माणूसच गस्त घालणार. १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निसर्गाचं रक्षण हे सरकारचं काम म्हणून थेट राज्यघटनेत लिहिलं गेलं. मग १९९६ मध्ये कायदा बदलला : गावांनी एकत्र येऊन 'कन्झर्व्हन्सी' नोंदवायची, आणि तिथल्या वन्यजीवांमुळे जे उत्पन्न येईल, पर्यटनाचं असो की परवानगीच्या शिकारीचं, ते गावाला. पहिल्या चार १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज ८६ आहेत, आणि देशाची साधारण वीस टक्के जमीन त्यात येते.

हो, शिकारीचं म्हणालो मी. मला ते आवडत नाही. पण पैसे दुसरे कोण देणार, हा प्रश्न विचारल्यावर आपण सगळे गप्प बसतो, हेही खरं आहे. २०२० मध्ये कोविडने विमानं बंद झाली आणि पर्यटनाचा पैसा एका झटक्यात आटला. सिंह मात्र रोज जेवत होते.

शिवाय पैसा येतो तो कन्झर्व्हन्सीच्या खात्यात, आणि शेळ्या मरतात त्या एका घराच्या. ही मला या मॉडेलमधली सगळ्यात मोठी फट वाटते. सरकार नुकसानीपोटी काही रक्कम देतं, पण ती पूर्ण भरपाई नाही, भार थोडा हलका करण्यापुरती. आपण एखादी सिस्टिम बनवतो तेव्हा ॲव्हरेज बघून खूश होतो ना? पण ज्याला एरर येते त्याला शंभर टक्के येते.

आता माझ्या आवडीचा भाग. सिंहांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर, आणि गावांजवळ टॉवर. कॉलरवाला सिंह टप्प्यात आला की टॉवरला सिग्नल मिळतो, दिवे लागतात, भोंगा वाजतो, आणि 'लायन रेंजर' म्हणून काम करणाऱ्या स्थानिक मुलांना कळतं. ते जाऊन जनावरं आत घ्यायला लावतात, फटाके वाजवून सिंहाला हाकलतात. ऐकायला मस्त वाटतं. पण कॉलरची बॅटरी बघा : लोकेशन जितकं वारंवार घ्याल तितकी लवकर संपते, आणि बदलायची तर परत सिंहाला शोधून बेशुद्ध करायचं. सगळ्या सिंहांना कॉलर नसते. सिग्नल वेळेवर आला तरी रेंजरला वाळू तुडवत, दगडांतून गाडी काढत पोहोचायचंय. आणि पोहोचून उपयोग काय, जर गुरं ठेवायचा क्राल, म्हणजे काटेरी फांद्यांचा वाडा, मोडका असेल? माझ्या मते एक उंच, मजबूत वाडा दहा ॲप्सना भारी आहे. इंजिनिअर असून बोलतोय, लक्षात घ्या!

ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी एक बातमी आली. भयंकर दुष्काळात नामिबियाने ७२३ वन्य प्राणी मारून मांस लोकांना वाटायचं ठरवलं. त्यात ८३ हत्ती, ३०० झेब्रे. परत जगभर संताप. पण त्या वर्षी तिथे गवतच नव्हतं, आणि माणसं उपाशी होती. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घाला, जरूर घाला. फक्त तो वाद लंडन किंवा मुंबईत एसीमध्ये बसून घालताना, त्या ८३ हत्तींनी कोणाच्या पाण्याच्या टाक्या आणि पाइप फोडले होते तेही विचारा. तिथे पाण्याची टाकी फुटली की गाव तहानलेलं राहतं.

जाता जाता एक गोष्ट, जी वाचून मी रात्री दोनपर्यंत जागा राहिलो. या सिंहांपैकी काही माद्या गुरांपासून लांब, पार समुद्रकिनाऱ्यावर गेल्या. स्केलेटन कोस्ट. एका बाजूला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला थंडगार अटलांटिक आणि धुकं. आणि तिथे त्या पाणकावळे, फ्लेमिंगो आणि सील मारून खायला शिकल्या. पूर्वी तिथले सिंह हे करायचे, पण ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरचे सिंह संपले आणि त्यांच्याबरोबर ती विद्याही गेली. या पोरींनी ती परत शोधून काढली.

पण तिकडेही आता मासे पकडायला येणारे पर्यटक आहेतच. त्यांच्याबद्दल पुढच्या भागात.