पाळी बदलताना



श्रीवर्धनात उभं राहिल्यावर बाळाजी विश्वनाथांचं नाव घ्यायची रीत आहे. मला मात्र आधी इथल्या वाड्या आठवतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. नवं रोप करायचं तर फळ कोणतं निवडायचं? पूर्ण पिकलेलं फळ पाण्यात सोडावं. देठाची बाजू वर ठेवून जे उभं तरंगतं, त्याचं रोप जोमदार निघतं. ही माहिती द्यायला इथे कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे. तिथे जाऊन विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्या कारखान्यांत मात्र वाटतो. रोहा, महाड, नागोठणे, थळ. या जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे नाहीत. कार्यपद्धतीचे जाडजूड ग्रंथ आहेत, संगणकावर माहितीची भांडारं आहेत. तरीही रात्री दोनला पंप थरथरायला लागला की फोन जातो तो निवृत्त झालेल्या फिटरच्या घरी.

कुठलंही लॉगबुक उघडा. ‘पंप अटेंडेड, ओके.’ या तीन शब्दांमागे कुणाची तरी अर्धी रात्र असते. त्यानं कपलिंग सोडलं, अलाइनमेंट घेतली, ती पुन्हा बिघडली. शेवटी लक्षात आलं की पाइपाखालचा आधार खचलाय आणि पाइपच पंपाला ओढतोय. यातलं काहीच त्यानं लिहिलं नाही. इंग्रजीत चार ओळी लिहायची त्याला धास्ती आणि मराठीत लिहायची सोय नाही. महिन्याभरानं दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच पंपाचं बेअरिंग पुन्हा बदलतो, आणि आधार तसाच खचलेला राहतो.

न सांगितलेल्या गोष्टीची किंमत कुठवर जाते, हे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर जगानं पाहिलं. ६ जुलै १९८८. दिवसपाळीनं एका पंपाची सुरक्षा झडप काढून तिथं तात्पुरती चकती बसवली होती. त्या कामाचा परवाना रात्रपाळीच्या समोर आलाच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा सुरू केला. स्फोट झाला, १६७ माणसं गेली. कागद लिहिलेला होता. एका माणसानं दुसऱ्याला तोंडानं सांगणं तेवढं राहिलं होतं.

आपल्याकडे सांगण्या-शिकवण्याची उत्तम परंपरा आहे, ती आपणच विसरलो. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. पुढं महाराष्ट्रभर वाचलं गेलेलं ते मासिक मुळात एका कारखान्याची गृहपत्रिका होतं, आणि होतं मराठीत. नांगर बनवणारी कंपनी आपल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलत होती. आज आपल्याला हे का जमू नये?

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. माणूस हातचं राखून ठेवतो, असा ठपका आपण फिटरवर ठेवतो. पण ज्याचं कंत्राट मार्चअखेर संपणार आहे, त्याच्याजवळ त्या कसबाखेरीज दुसरं काय आहे? ते सांगून टाकल्यावर त्याचीच गरज संपणार असेल, तर तो गप्प बसणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. ज्यानं शिकवलं त्याचं नाव नोंदवलं गेलं, पगारवाढीत आणि कंत्राटाच्या नूतनीकरणात ते मोजलं गेलं, तर तो बोलेल. नुसत्या परिपत्रकानं कुणीही बोलणार नाही.

म्हणून इथे जमलेल्या प्रत्येक विभागप्रमुखाला माझी विनंती आहे. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन पाळ्या वीस मिनिटं एकत्र येतील अशी सोय करा, आणि त्या वीस मिनिटांचा पगार द्या. जाणाऱ्यानं येणाऱ्याला यंत्रापाशी नेऊन दाखवावं. लॉगबुक मराठीत लिहायची लेखी परवानगी द्या. कंत्राटी कामगारालाही त्यात लिहू द्या, आणि त्याच्या नोंदीखाली त्याचं नाव येऊ द्या. सोमवारी कामावर गेलात की यातलं निदान एक तरी सुरू करा.