पहिल्या तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी



आपल्याकडची कितीतरी मुलं आज कॅलिफोर्नियात शिकत आहेत. समजा, त्यातल्याच एकानं परीक्षा संपल्याच्या रात्री मित्रांच्या नादानं कुणाच्या गॅरेजच्या दारावर स्प्रे पेंटनं काहीतरी खरडलं किंवा भांडणाच्या भरात एखाद्या गाडीचा आरसा फोडला. पोलीस आले, त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला, अमुक तारखेला कोर्टात हजर राहीन अशा कागदावर सही घेतली आणि सोडून दिलं. मुलगा घाबरून घरी फोन करतो. मग इकडून, सांगलीहून म्हणा, नाशिकहून म्हणा, आईबाबा सांगतात, “चूक झाली म्हणून सांग, माफी माग, दंड भर आणि मोकळा हो.”

हे मायेनंच सांगितलेलं असतं. चूक कबूल करावी, मोठ्यांसमोर हात जोडावेत, मग मोठी माणसं पोटात घालतात, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. आणि ते चांगलंच आहे. पण तिथल्या कोर्टात वकिलाला न विचारता हा सल्ला पाळला, तर मुलाचं शिक्षण आणि पुढची नोकरी दोन्ही धोक्यात येऊ शकतात. आज मला त्याबद्दलच कळकळीनं बोलायचं आहे.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं ५९४ वं कलम व्हँडलिझमचं, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची मुद्दाम नासधूस करण्याचं. नुकसान ४०० डॉलरच्या आत असेल तर तो मिस्डमीनर, म्हणजे तुलनेनं किरकोळ गुन्हा. पण किरकोळ म्हटलं तरी जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आणि १,००० डॉलरपर्यंत दंड त्यात आहे. नुकसान ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त असलं, की सरकारी वकिलाला तोच प्रकार फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा म्हणूनही लावता येतो. त्यामुळे दुरुस्तीचा आकडा कोणी काढला, फक्त खराब झालेला भाग रंगवायचा धरला की सगळं दार नवं बसवायचं धरलं, याला फार महत्त्व येतं. वकील तो आकडा तपासतो, गरज पडली तर दुसऱ्या कारागिराकडून वेगळा अंदाज घेतो. मुलानं घाईघाईनं घरमालकाला मेसेज केला, “सॉरी, मीच केलं, सगळा खर्च देतो,” तर पुढे तोच मेसेज पुरावा म्हणून कोर्टासमोर येतो. भरपाई जरूर द्यावी, ती द्यायलाच हवी, पण वकिलामार्फत. मिस्डमीनरच्या बऱ्याच प्रकरणांत नुकसान भरून मिळाल्याचं मालकानं कोर्टात मान्य केलं, तर न्यायाधीश खटला तिथंच थांबवू शकतात, अशी सोय त्या कायद्यात आहे.

आता पहिल्या तारखेचं. सकाळी कोर्टाची खोली भरलेली असते. क्लार्क एकेक नाव पुकारतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. सरकारी वकिलाकडून प्रस्ताव येतो: आज गुन्हा कबूल करा, थोडा दंड, थोडी समाजसेवा, काही काळ प्रोबेशन, विषय संपला. पुढ्यात एक छापील फॉर्म येतो. त्यात ओळीओळीनं हक्क लिहिलेले असतात आणि प्रत्येक ओळीसमोरच्या चौकटीत आपली आद्याक्षरं घालायची असतात. ज्युरीसमोर खटला चालवण्याचा हक्क सोडला, साक्षीदारांची उलटतपासणी सोडली, गप्प राहण्याचा हक्क सोडला. त्यातच एक ओळ असते: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, तर या कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाणं, पुन्हा प्रवेश नाकारला जाणं, नागरिकत्व न मिळणं असे परिणाम होऊ शकतात. घाबरलेला मुलगा या ओळीपुढेही आद्याक्षरं घालून मोकळा होतो. माझा जीव अडकतो तो इथं.

कारण इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे आणि त्याचा हिशेब वेगळा. गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं त्यावर काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की त्या कायद्याच्या लेखी माणूस दोषी ठरला. पुढे चांगल्या वागणुकीमुळे राज्याच्या कोर्टानं प्रकरण काढून टाकलं तरी बहुतेक वेळा तो ठपका राहतो. होसे पदिया या मूळच्या होंडुरासच्या माणसाची गोष्ट ऐका. चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी. केंटकीमध्ये गांजाच्या वाहतुकीच्या प्रकरणात तो सापडला. इतकी वर्षं इथं आहेस, काळजी करू नकोस, असं वकिलानं सांगितलं म्हणून त्यानं कबुली दिली आणि देशाबाहेर जायची पाळी आली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या प्रकरणात निर्णय दिला, की कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं का, हे आरोपीला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे.

म्हणून पहिल्या तारखेला मुलानं ‘नाकबूल’ म्हणावं आणि वकील मागावा. नाकबूल म्हणणं हा खोटेपणा नव्हे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, एवढंच त्यातून सांगितलं जातं. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्ट पब्लिक डिफेंडर देतं. हे सरकारी पगारावरचे वकील दुय्यम असतात, असा आपल्याकडे समज आहे; तो सोडा. त्याच कोर्टात रोज उभं राहणाऱ्या या वकिलाला तिथले न्यायाधीश आणि सरकारी वकील दोघंही चांगले ठाऊक असतात. फक्त मुलानं त्याला पहिल्या भेटीतच सांगायला हवं, की मी स्टुडंट व्हिसावर आहे.

पहिलाच गुन्हा असेल तर आणखी एक वाट आहे. २०२१ पासून कॅलिफोर्नियात मिस्डमीनरच्या बहुतेक प्रकरणांत न्यायाधीश, सरकारी वकिलाचा विरोध असला तरी, खटला जास्तीत जास्त २४ महिने बाजूला ठेवू शकतात. तेवढ्या काळात अटी पाळायच्या, भरपाई द्यायची. मग खटला रद्द. यात आधी गुन्हा कबूल करावा लागत नाही आणि परदेशी विद्यार्थ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं तेच आहे. ही सवलत द्यायची की नाही हे न्यायाधीशांच्या मर्जीवर असतं, म्हणून ती नीट मागावी लागते.

आईबाबांनी एवढं करावं. रात्री फोन आला तर आधी मुलाचं ऐकून घ्या. रागवायला पुढे वेळ आहे. पोलिसांना किंवा मालकाला आणखी काही लिहून देऊ नकोस, तारीख चुकवू नकोस, असं सांगा. तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि गैरहजेरीचा वेगळा गुन्हा लागू शकतो. प्रकरण मिटलं, की कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागवून घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. खटला रद्द झाला तरी व्हिसाच्या अर्जात तुम्हाला कधी अटक झाली होती का, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर लिहिण्याआधी मुलानं ती प्रत घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं.