येवल्याची अंबा
(देवळाली कॅम्प येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



एखादी सासू सुनेला टोचून बोलू लागली, की बायका हळूच म्हणतात, "ही तर अगदी ललिता पवार!" हे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहे. पण ही बाई कोण, कुठली, हे किती जणांना ठाऊक आहे? ती आपल्याच नाशिक जिल्ह्यातली, येवल्याची. आज तिचीच गोष्ट सांगतो.

येवले म्हटले की आपल्याला पैठणी आठवते. त्या गावी १८ एप्रिल १९१६ रोजी एक मुलगी जन्मली. तिचे नाव अंबा. वडील रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार करीत.

तो काळ कसा होता, ते आधी ध्यानात घ्या. नाटकात बायकांची कामे बहुतेक पुरुषच करीत. सिनेमाचेही तेच. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. राणी तारामतीच्या कामाला त्यांना एकही बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या माणसाला लुगडे नेसवले आणि त्याला तारामती केले. तोंडाला रंग लावणे हे चांगल्या घरच्या बाईचे काम नव्हे, असे लोक म्हणत.

पण लेकराच्या मनाला कोण बांध घालणार? अंबा वडिलांबरोबर पुण्याला गेली. तेथे सिनेमाचे काम चाले. ते बघायला ती गेली आणि बघता बघता त्यातच शिरली. १९२८ साली पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीने पुन्हा 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यात ही बारा वर्षांची पोर होती. जिथे पंधरा वर्षांपूर्वी एक बाई मिळत नव्हती, तिथे येवल्याची मुलगी हौसेने उभी राहिली.

तेव्हाचे सिनेमे मुके होते. चित्र हले, पण बोलत नसे. राग, लोभ, दुःख, सगळे डोळ्यांनी आणि चेहऱ्याने सांगावे लागे. ही विद्या अंबा लहानपणीच शिकली. १९३१ साली सिनेमा बोलू लागला. पुढे अंबाची ललिता झाली. लग्नानंतर ती ललिता पवार झाली. नायिकेची कामे मिळू लागली. १९३७ साली तिने 'दुनिया क्या है' हा चित्रपट स्वतः काढला. नाव झाले, पैसा आला.

मग १९४२ साल उजाडले. एका चित्रपटाचे काम चालू होते. प्रसंग असा होता, की नटाने ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची. नट होते भगवान, पुढे ज्यांना सगळे भगवानदादा म्हणू लागले. चापट लटकी मारायची होती, पण ती जोरात बसली. मुद्दाम कोणी काही केले नव्हते. पण डोळ्याची शीर दुखावली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. औषधपाणी सुमारे तीन वर्षे चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

वय सव्वीस. ज्या चेहऱ्यावर पोट, त्या चेहऱ्यालाच खोट आली. नायिकेची कामे गेली. आता करायचे काय?

मंडळी, हा प्रश्न फक्त सिनेमावाल्यांचा नाही. गवंड्याचा पाय मोडतो. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर मंदावते. हमालाची पाठ धरते. मग माणूस भिंतीला टेकून म्हणतो, "संपलं आता माझं." ललिताबाईंनी तसे म्हटले नाही. गेले ते गेलेच, डोळा काही परत आला नाही. पण त्यांनी पाहिले, की नायिकेचे काम गेले तरी अभिनयाची विद्या अंगात आहेच. ज्या कामाला देखणा चेहरा लागत नाही, ते काम करू.

१९४४ साली 'रामशास्त्री' हा चित्रपट आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणतात ना, तीच आनंदीबाई. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. एका अक्षराने माणसाचा जीव कसा जातो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पुढे त्या खाष्ट सासू झाल्या, कजाग बाई झाल्या. तो बारीक डोळा त्यांनी असा रोखावा, की थेटरात बसलेल्या बायकांनी बोटे मोडावीत! पण नुसती दुष्टाईच नाही. आपल्या देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकलेले दिलीपकुमार, त्यांची आई त्या १९५२ साली 'दाग' मध्ये झाल्या. १९५९ च्या 'अनाडी' मध्ये त्या घरमालकीण झाल्या, तोंडाने फटकळ पण पोटात माया. त्या कामाला फिल्मफेअरचे बक्षीस मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

१९८७ साली मी नवीनच मास्तर झालो होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे आणि रस्ते ओस पडत. त्यात मंथरा होती ललिता पवार, वय एकाहत्तर! शाळेच्या संमेलनात प्रत्येक मुलीला सीता व्हायचे असते. मंथरा व्हायला कोणी तयार होत नाही. मी पोरींना सांगायचो, "मंथरा नसेल तर राम वनात जाईल कसा? अग, सीतेचे काम शोभेवर निभेल. मंथरेला काम यावे लागते."

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिताबाईंचे निधन झाले. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत साठ वर्षांवर त्यांनी काम केले. नायिका म्हणून मिळाली त्यांतली पहिली चौदा-पंधराच. उरलेली सगळी वर्षे त्या बारीक डोळ्यानिशी झाली, आणि लोकांनी त्यांना ओळखले ते त्याच वर्षांमुळे.

तुमच्यातले कित्येक जण पन्नाशीत पाटी घेऊन बसले आहेत. "आता शिकून काय करायचं, मास्तर?" असे मला रोज कोणी ना कोणी विचारते. अहो, एक दार लागले म्हणून घर बंद होत नाही. हात लावून बघा, दुसरे दार नुसते लोटलेले असेल.